एकाच खोलीतली पत्रं

१२ नोव्हेंबर, सकाळ

अहो,

सवयीने चिठ्ठी लिहायला बसले. इथल्या फ्रिजच्या दाराला लोहचुंबक नाही, म्हणून साखरेच्या पुड्यांच्या वाटीखाली ठेवते आहे. उठून चहा कराल तेव्हा सापडेल.

तुम्ही झोपलेले आहात. तोंडावर टॉवेल टाकून. इथले पडदे पांढरे आणि झिरझिरीत आहेत. समुद्रावर येणारा माणूस उजेडासाठीच येतो, असं बांधणाऱ्याला वाटलं असावं. आपल्या घरातला तो काळा पडदा सोबत आणायला हवा होता. मग बॅगेत दुसरं काही मावलं नसतं.

मी नाश्ता करून आले. एवढा मोठा हॉल आणि माणसं मोजकी. रिसॉर्ट नुकतंच उघडलंय. भिंतींना अजून रंगाचा वास येतो, आणि लिफ्टमधल्या आरशावरचं प्लॅस्टिक कोणी सोललेलं नाही. काल मनगटाला बांधलेला तो निळा पट्टा दाखवला की कोणी काही विचारत नाही. जेवण, सरबत, होडी, मसाज, सगळं धरून. मी दोन अंडी घेतली. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मात्र ताट असं भरलं होतं, जणू दुपारी हे सगळं बंद होणार आहे.

लेकीचा फोन आला होता. "आई, बोलताय ना दोघं?" म्हणाली. मी म्हटलं, बाबा झोपलेत. ती म्हणाली, "तिथेसुद्धा?" एवढे पैसे घालून तिने आपल्याला पाठवलं, तिला वाईट वाटणारच.

मी तिला काय सांगू? तुमची रात्रपाळी संपली, निवृत्तीचा हारही वाळला, पण तुमच्या अंगाला ते अजून कोणी कळवलेलं नाही. ती रांगत होती तेव्हापासून हेच. संध्याकाळी तुम्ही बेकरीत जाणार, सकाळी पिठाने माखून येणार तेव्हा मी निघालेली. जिन्यात गाठ. "दूध तापवलंय." "बरं." मी हॉस्पिटलात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत औषध घालून म्हणणार, डोळे मिटा. तुम्ही घरी, न सांगता मिटलेले. बाकीचा संसार चिठ्ठ्यांवर.

मी किनाऱ्यावर आहे. छत्र्यांच्या पहिल्या रांगेत. उठलात की या.

— मी


१३ नोव्हेंबर, पहाट

सिस्टर,

चिठ्ठी मिळाली, पण चहा करताना नाही, पाण्याचा ग्लास शोधताना. तोवर तू किनाऱ्यावरून परत येऊन पलंगाच्या कडेला बसली होतीस. चपला हातात. चपला हातात का, ते नंतर लक्षात आलं. नव्या फरशीवर त्या वाजतात.

आता तू झोपली आहेस आणि मी बाल्कनीत लिहितो आहे. जग परत नीट झालं.

काल आपण समोरासमोर बसून जेवलो. मेणबत्तीसुद्धा होती. तू म्हणालीस, "मीठ द्या." मी दिलं. मग मी म्हणालो, "वारा आहे." तू म्हणालीस, "हो, आहे." मग गोड आलं. अगं, चिठ्ठ्यांतून मी तुला काय काय लिहिलंय. वरच्या मजल्यावरचा पैलवान जिना कसा उतरतो ते लिहिलं, माझ्या वडिलांचं दुखणं लिहिलं. एकदा तर कागदाच्या दोन्ही बाजू भरून भांडलो. आणि समोर बसलो तर वारा.

काल तुला उजेडात नीट पाहिलं. तुझ्या कानापाशी एक तीळ आहे. तो आधीपासून आहे का? विचारणारच होतो, तेवढ्यात वेटर आला.

एक गंमत सांगतो. मघाशी फिरायला म्हणून खाली उतरलो, तर आंबलेल्या पिठाचा वास आला. नाक पुढे, मी मागे. स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला यांची बेकरी आहे. भट्टी कोरी करकरीत. तिथली मुख्य बेकर म्हणजे आपल्या लेकीच्या वयाची मुलगी, कोपरापर्यंत पिठात. म्हणाली, "काका, हरवलात का?" म्हटलं, "हरवलो नाही, हजर झालो." हसली आणि एप्रन फेकला माझ्याकडे. आज नाश्त्याला गोल पाव असतील. ते माझे.

आता झोपतो. उठलो की येतोच.

तुझा पाववाला


१३ नोव्हेंबर, दुपार

अहो पाववाले,

पाव खाल्ले. आपल्या घरी येणारे कालचे असायचे, बेकरीत उरलेले. तुमच्या हातचा गरम पाव मी आज पहिल्यांदा खाल्ला, हे पाव संपल्यावर लक्षात आलं.

पत्र तिथेच वाचलं, आणि 'हजर झालो'ला मोठ्याने हसले. ती ताटवाली बाई शेजारीच होती. "कोणाचं पत्र?" म्हणाली. म्हटलं, यजमानांचं. "कुठे असतात?" मी बोट वर केलं, तिसऱ्या मजल्याकडे. तिने माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी चूक सुधारणार होते, पण तिने इतक्या मायेने लोणी पुढे केलं की जमलं नाही. तेव्हा तिच्यासमोरून जाताना जरा खाकरून जा.

आणखी ऐका. आपल्या पलंगावर टॉवेलचे दोन हंस आहेत, चोचीला चोच लावून. खोली आवरणारीला विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, तुम्ही दोघं कुजबुजत बोलता ना, नवीन लग्न झालेलीच माणसं असं बोलतात. आपल्या घरात दाराच्या बेलची वायर काढून ठेवलेली, माझ्या सुट्टीच्या दिवशीही मिक्सर चार वाजल्याशिवाय लावायचा नाही, आणि लेक उशीत तोंड खुपसून हसायला शिकलेली. आपल्याला दुसरा आवाजच उरलेला नाही.

तीळ आधीपासून आहे.

हे सगळं मला मघाशी जेवताना सांगायचं होतं. बाईचं, हंसांचं. तुम्ही येऊन बसलात आणि मी म्हणाले, "झोप झाली?" तुम्ही म्हणालात, "झाली." जेवून खोलीत येऊन तुम्ही पुन्हा कलंडलात, आणि मी कागद ओढला.

असं कसं चालेल? घरी गेल्यावर तुम्ही दिवसा घरात असणार. तुम्ही दिवसभर तिथे जागे असलात तर मी कुठे बसायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. खुर्च्या आहेत आपल्याकडे, पण दोघं एका वेळी त्यांवर बसलो कधी?

म्हणून उद्या चिठ्ठी नाही. तुमची नाही, माझी नाही. उद्या दिवसा दोघांनी जागं राहायचं आणि बोलायचं. इथे जमलं तर घरी जमेल. नाही जमलं तर तुमची रात्रपाळी संपून उपयोग काय?

आणि मला एक सांगायचं आहे. ते लिहिणार नाही. तोंडाने सांगणार आहे. तुमचा चेहरा कसा होतो ते बघायचं आहे मला.

— मी


१५ नोव्हेंबर, पहाट

सिस्टर,

चिठ्ठीशिवायचा दिवस संपला, म्हणून लिहितो.

सुरुवात बरी झाली. नाश्त्याला ती ताटवाली मला बघून उठून उभीच राहिली. आपण दोघं हसलो, एकाच वेळी. मला वाटलं, जमतंय.

मग किनारा. तू तुझी खुर्ची माझ्या खुर्चीला आणून भिडवलीस, टोपी काढून मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, "ऐका हं." एवढं मला आठवतं. त्यापुढे फक्त लाटांचा आवाज आठवतो.

जाग आली तेव्हा मी पूर्ण सावलीत होतो आणि तू अर्धी उन्हात. वाळूत छत्रीच्या दांड्याची भोकं दिसत होती, एकापुढे एक. ऊन सरकेल तशी तू छत्री उपटून पुढे रोवत बसली होतीस. तुझा एक दंड लाल झाला होता.

उठवायचं होतंस. मी विचारलं, "काय सांगत होतीस?" तू म्हणालीस, "काही नाही. नंतर."

मग जेवताना ती बेकर मुलगी मॅनेजरला घेऊन टेबलाशी आली. रात्रीच्या भट्टीला त्यांना माणूस हवा आहे, हंगाम संपेपर्यंत. राहायला खोली, जेवण इथलंच. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "तुम्हाला आवडेल." मी विचारलं, "आणि तुला?" "माझं काय," म्हणालीस, आणि पाणी प्यालीस. पूर्ण ग्लास. मग झोपेपर्यंत आपण एकमेकांशी फार चांगले वागलो. पाहुण्यांशी वागतात तसे.

मी रात्री विचार केला. तू लिहिलं होतंस की मी दिवसभर घरात असलो तर तू कुठे बसायचं. गमतीने लिहिलंस, पण खरंच लिहिलंस. त्या घरात मी दिवसा झोपलेलाच शोभतो. जागा असलो तर खुर्चीसारखा अडगळ होईन. काल तर तुझं एक वाक्य ऐकण्यापुरता जागा राहिलो नाही.

म्हणून आत्ता खाली जाऊन होकार कळवून आलो. उन्हाळ्यापर्यंत तुला घर मोकळं. आणि पत्रं आहेतच. आपलं पत्रांत बरं चालतं.

चुकत असेन तर सांग.

तुझा पाववाला


१५ नोव्हेंबर, सकाळ

अहो,

पत्र वाचलं. चुकत नाही.

तुम्हाला भट्टीशिवाय करमणार नाही हे मला कळायला हवं होतं. हात शाबूत असताना माणसाने काम करावं. मुलगी चांगली दिसते. तुम्हाला काका म्हणते.

उठवायचं होतंस म्हणता. मी तुम्हाला कधी उठवलंय? लेक तापाने फणफणली होती तेव्हाही शेजाऱ्यांच्या गाडीतून एकटी घेऊन गेले आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली. परत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, शहाणी आहेस. ते मी लक्षात ठेवलं. काल तुमचं तोंड थोडं उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती. माझं वाक्य तयार होतं. तुम्हाला हलवायला हातही पुढे केला होता मी. तो हात मग छत्रीला लावला.

सांगायचं होतं ते विशेष काही नव्हतं.

उद्याच्या बसने मी जाते. तुमचे कपडे खालच्या कप्प्यात लावले आहेत. गोळ्यांची डबी उशाशी आहे. लेकीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती माझा आवाज ऐकेल.

हंस मोडू नका. मी ते टेबलावर उचलून ठेवले आहेत.

— मी


२४ नोव्हेंबर

सिस्टर,

पोस्टाने पत्र पाठवायची वेळ आली. पत्ता लिहिताना हात अडखळला. आपल्याच घराचा पत्ता मी याआधी पाकिटावर कधी लिहिला नव्हता.

इथे बरं चाललंय. खोली मागच्या अंगाला आहे, समुद्र दिसत नाही, ते एक बरं. खिडकीला मी पुठ्ठा लावला. भट्टी नवीन आहे, तिला अजून वळण नाही. डाव्या कोपऱ्यात पाव जास्त लाल होतात. मुलगी म्हणते, "काका, तुम्ही भट्टीशी बोलता." मी म्हटलं, सवय आहे, हिला उत्तर द्यावं लागत नाही.

माणसं वाढली आहेत. सगळ्यांच्या मनगटाला निळे पट्टे. माझा कापून घेतला. आता मला पांढरा आहे, त्यावर काहीच धरलेलं नाही.

लेक फोनवर फार बोलली. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बाबा, आईने तुम्हाला सांगितलं का?" मी विचारलं, काय? "मग मी नाही सांगणार," म्हणाली.

तेव्हा ते विशेष काही होतं. सिस्टर, किनाऱ्यावर तू काय सांगत होतीस? बसच्या पायरीवर तुला विचारणार होतो. मागे लोक होते, ड्रायव्हर घाई करत होता, आणि मी म्हणालो, "पोचल्यावर कळव." आता लिहून विचारतो. मला लिहूनच विचारता येतं.

तुझा पाववाला


१ डिसेंबर

अहो,

विचारलंत म्हणून लिहिते. तुम्हाला परत बोलावण्यासाठी नाही, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

रिसॉर्टला निघायच्या आदल्या दिवशी मी राजीनामा दिला होता. तुम्ही दिवसा घरात असणार, तर मी का नसावं, असा साधा हिशोब. काल शेवटचा दिवस झाला. हेडसिस्टरने दोनदा विचारलं होतं, यजमान तर पुन्हा कामाला लागले, मग मागे का घेत नाहीस? मी घेतला नाही. आयुष्यात एकदा तरी दुपारी आवाज न दाबता घरी असायचं होतं मला.

तेव्हा कुठे बसायचं ते सुचत नाही असं मी लिहिलं, ते खरंच तेवढंच होतं. मी आनंदात होते तेव्हा. खुर्च्या कशा लावायच्या याचा विचार करत होते.

आज दुपारी घरी होते. काय करावं कळेना. पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेले, भांडं अलगद ठेवलं, आणि मग लक्षात आलं की आत कोणी झोपलेलं नाही. मुद्दाम एक झाकण खाली टाकलं. केवढा आवाज झाला. खालच्या आजी वर विचारायला आल्या, कोणी पडलं का? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं या घरात दिवसा कोणीच नसतं.

मग शिडी आणून झोपायच्या खोलीतला काळा पडदा उतरवला. धूळ एवढी की शिंका थांबेनात. ती खिडकी पश्चिमेला आहे, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. दुपारी तिथून ऊन येतं आणि पलंगावर तुमच्या उशीपर्यंत पोचतं. भिंत पिवळी आहे. आठवतं? रंग चिठ्ठीवर ठरला होता. मी हिरवा लिहिला, तुम्ही खाली लिहिलंत, 'फिकट पिवळा, हट्ट समज.' मी तो आजवर बल्बच्या उजेडात पाहिला आणि मनात म्हणत राहिले, काय हा मळका रंग निवडला. उन्हात तो तसा नाही. फार चांगला आहे. तुमचं बरोबर होतं.

तुम्ही तो कधीच पाहिलेला नाही.

— मी


७ डिसेंबर

सिस्टर,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. पुठ्ठा काढून खिडकीशी उभं राहून वाचलं, मग परत वाचलं.

तू दिवसभर घरात कशी असणार होतीस, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडायला हवा होता. तू सकाळी निघतेस आणि संध्याकाळी येतेस. दिवसा मी घरात असलो काय आणि नसलो काय, तुझी खुर्ची अडणार कशी? तू मला सगळं सांगितलंच होतंस, शाईने. मी वाक्य वाचलं, त्यातल्या तुला वाचलं नाही.

मॅनेजरला भेटलो. म्हणाला, ऐन हंगामात दुसरा माणूस कुठून आणू. मी जोर लावला असता तर त्याने सोडलं असतं. मी जोर लावला नाही. का, ते खरं सांगतो. बॅग भरायला काढली होती. मग डोळ्यांसमोर आलं, मी घरी आलोय, तू समोर बसली आहेस. मी म्हणतो, "भिंत छान आहे." तू म्हणतेस, "हो, आहे." आणि मग दोघं भिंतीकडे बघत बसलोय. हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. तिथे माझ्याकडे दोन दिवस नसतील. तू समोर असशील. त्याची मला भीती वाटते. तरुणपणी वाटायला हवी होती, आता वाटते.

मुलगी म्हणाली, "काका, डोळे का लाल?" म्हटलं, कांदा. ती म्हणाली, पावात कुठे कांदा?

एक कर. दुपारी मला फोन कर. मी झोपलेला असेन. मुद्दाम तेव्हाच कर. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल, मलाही सुचणार नाही. मीठ-वारा काहीही चालेल. पण मला उठव. फोन उशीजवळ ठेवून, आवाज मोठा करून झोपतो आहे. रोज.

तुझा


१३ डिसेंबर

अहो,

तुमचं पत्र परवा मिळालं. काल दुपारी फोन केला.

आधी जेवून घेतलं. खुर्ची झोपायच्या खोलीत खिडकीशी नेली. दोन खुर्च्या नेल्या, का ते विचारू नका. ऊन उशीपर्यंत आलं होतं. पहिलं वाक्य ठरवून ठेवलं होतं. मोठ्या आवाजात म्हणूनही पाहिलं. खालच्या आजींना ऐकू गेलं असेल, गेलं तर गेलं.

नंबर लावला. एक रिंग गेली.

कुशीवर झोपलेले तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आलात. हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं, कपाळ मोकळं. रात्रभर उभे असाल, आत्ताच कुठे डोळे मिटले असतील. दुसरी रिंग सुरू व्हायच्या आत मी फोन ठेवला.

बोट आपोआप गेलं. मी थांबवायला गेले तोवर झालेलं होतं.

मग ऊन भिंतीवरून जाईपर्यंत तिथेच बसले. संध्याकाळी तुम्ही उठून बघितलं असेल. माझा नंबर दिसला असेल. तो चुकून लागलेला नव्हता.

— मी